सात कोरे पेपर

सातपूर, नाशिक
२२ ऑगस्ट १९९९

जमीलचाचा,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करतात ते मला नीट येत नाही, शाळेत आम्हाला 'डिअर सर'च शिकवलंय. आईला विचारलं असतं, पण तिने आधी विचारलं असतं की पत्र कोणाला, आणि ते मला घरात सांगायचं नाहीये.

मी तृप्ती. बेडफोर्डवाल्या धनराजची मुलगी. आता एकोणीस वर्षांची आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या सेकंड इयरला. वर्गात आम्ही दोनच मुली आहोत. तुम्ही नाशिक सोडलं तेव्हा मी पहिलीत होते, म्हणून पहिलीतला फोटो पाठवतेय. आताचा पाठवला तर तुम्ही ओळखणार नाही. अल्बममधून गुपचूप काढलाय, सांभाळून ठेवा प्लीज. पत्ता स्पेअर पार्टवाल्या जयरामकाकांनी दिला. त्यांनी तो मालेगावला तुमच्या घरी, खुर्शीदाचाचींकडून मागवला.

आता मेन गोष्ट. आपली बेडफोर्ड अजून आहे! बासष्टचा ट्रक, पण इंजिन अजून हाफ सेल्फला सुरू होतं. पप्पांनी भाडी मारणं चार वर्षांपूर्वी बंद केलं, गुडघ्यामुळे. फक्त रविवारी पपया नर्सरीपर्यंत एक चक्कर मारतात आणि परत आणून दारात लावतात. प्रॉब्लेम एकच आहे. मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल, तिथून ऑईल गळतं. म्हणजे थेंब थेंब नाही, चांगलं गळतं. गल्लीत डाग पडलेत. गेल्या महिन्यात शेजारच्या सिंधुबाई त्याच्यावरून घसरल्या आणि त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की एक तर ही गाडी राहील नाहीतर मी.

तर पप्पांनी अंबडच्या भंगारवाल्याला शब्द दिला. गुढीपाडव्याला तो गाडी नेणार.

मी खूप भांडले. मी म्हटलं, मी तिथलं ऑईल अडवणारं सील बदलते, सोपं काम आहे, आम्हाला डायग्राममध्ये आहे. पप्पा हसले. मग म्हणाले, "चल, ठरलं. रोज एक चक्कर मारायची, आल्यावर खाली पेपर पसरायचा. सात दिवस सात पेपर कोरे निघाले तर गाडी ऱ्हाईल. डाग पडला तर परत पहिल्यापास्नं. पाडव्यापातुर नाय जमलं तर अंबड." आणि आत जाताना म्हणाले, "जमीलला नाय जमलं ते तुला जमणार?"

मी आईला विचारलं, कोण जमील? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझ्या पप्पांचा भाऊच होता म्हण." आणि परत भाजीत मान घातली.

चाचा, मला माहितेय की तुमचं आणि पप्पांचं काहीतरी झालंय. मला ते विचारायचं नाहीये. मला फक्त गाडी ठेवायचीय. ह्याच गाडीत मी कोटंबी घाट पाहिला, पप्पांच्या मांडीवर बसून, आणि अजून मला तो दुसऱ्या कुठल्या खिडकीतून आवडत नाही. सील कसं बदलायचं ते मला स्टेप बाय स्टेप लिहाल का? पुस्तकातलं नको. तुमचं.

तुमची,
तृप्ती

●

मस्कत
१० सप्टेंबर १९९९

तृप्तीबेटा, दुआ.

खत मिळालं. मराठी चौथीपर्यंत शिकलो, हसू नको. फोटो पण मिळाला. भिंतीवर लावलाय. दोन वेण्या. रोज बघतो.

सगळ्यात आधी ब्रीदर साफ कर. बाकी नंतर.

आता ऐक. गाडी सपाट जागेवर. चारही चाकांना दगड. खालचा बोल्ट खोलून ऑईल काढ, जुनं ऑईल फेकू नको, गाळून बघ, चमकदार चुरा निघाला तर मला कळव. मग पुढून जो लांब शाफ्ट येतो तो सोड, पण सोडण्याआधी शाफ्टवर आणि तो गोळ्याला जिथे जोडलाय त्या फ्लँजवर छिन्नीने एक एक खूण मार, जसा होता तसाच परत बसला पाहिजे. मधल्या मोठ्या नटवर पण खूण. नटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोज, लिहून ठेव. परत आवळताना तितकेच आटे दिसले पाहिजेत. जास्त आवळशील तर आतली बेअरिंग जाईल. हा नट तुझ्या हाताने नाही सुटणार. पान्याला चार फुटी पाइप लाव आणि कोणाला तरी ब्रेक दाबून बसव.

जुनं सील काढताना हाऊसिंगला, म्हणजे गोळ्याच्या घराला, ओरखडा नको. नवं सील बसवताना त्याच्या ओठाला ऑईल लाव, स्प्रिंगची बाजू आत. हातोडी डायरेक्ट मारायची नाही. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा घे, त्याच्यावर चारी बाजूंनी थोडं थोडं. आवाज बदलला की थांब. सील बसलं की आवाज ठस होतो.

मी इथे मोठ्या गॅरेजमध्ये आहे. शंभर गाड्या. अल्लाचं करम.

बापाला माझं नाव सांगू नको. त्याचा गुडघा कुठला, डावा की उजवा?

जमील

●

सातपूर
३ ऑक्टोबर १९९९

जमीलचाचा,

ठस! मी ऐकला! तुम्ही लिहिलं होतं तसाच!

सगळं सांगते. सोमवारी कॉलेज बुडवलं. ऑईल काढलं, आईच्या जुन्या साडीतून गाळलं, चुरा नव्हता. ब्रीदर पण साफ केला. खुणा मारल्या. बाहेर साडेचार आटे. नट मात्र हलेना. मी पाइपला लटकले, अक्षरशः पाय उचलून, तरी नाही. ब्रेक दाबायला कोणी नव्हतं, मी विटा लावल्या होत्या पेडलवर. पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते, सगळं बघत होते. मग उठले, "आत गार हाय जरा" असं म्हणाले आणि पेपर घेऊन केबिनमध्ये जाऊन बसले. मी परत पाइपला लटकले. आणि नट सुटला! मी खालून पाहिलं तर विटा बाजूला होत्या आणि पप्पांचा पाय ब्रेकवर होता. (डावा गुडघा दुखतो. ब्रेक उजव्याने दाबला.)

काम संपल्यावर मी दोन दिवस खूप खूश होते. मग चक्कर मारली, पेपर पसरला, आणि सकाळी डाग. आधी भाकरीएवढा असायचा, आता पापडाएवढा. पप्पांनी पेपर उचलला, उलटून पाहिला, घडी घातली आणि बंबात टाकला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी काय चुकले?

तृप्ती

●

मस्कत
२४ ऑक्टोबर १९९९

तृप्तीबेटा,

तू नाही चुकलीस. आवाज ठस आला म्हणजे सील बसलं.

फ्लँज बघ. तिच्या नळीवर सीलचा ओठ फिरतो. इतक्या वर्षांत तिथे खाच पडली असेल. डोळ्याने नाही दिसत. नख फिरव. नख अडलं तर खाच आहे. जयरामकडे विचार, जुन्या गाडीची चांगली फ्लँज मिळेल. नाही तर सील अर्धा सूत बाहेर बसव, ओठ नव्या जागेवर फिरेल.

आणि ब्रीदर तू नक्की साफ केलास? नीट बघ.

तो केबिनमध्ये जाऊन बसला ते वाचलं. चार वेळा वाचलं. तो असाच आहे. मदत करताना पण दाखवतो की ऊन लागत होतं.

नाशिकला आता थंडी पडायला लागली असेल. इथे एसी आहे. ती थंडी नाही.

जमील

●

सातपूर
२१ नोव्हेंबर १९९९

जमीलचाचा,

नख अडलं होतं. जयरामकाकांनी मालेगावच्या भंगारातून फ्लँज आणली, मी कॉलेजच्या लेथवर ती पॉलिश केली, सरांची परमिशन काढून. नवं सील घेतलं. परत सगळं खोललं, परत बसवलं. साडेचार आटे. ठस.

तरी डाग. पुरीएवढा, पण डाग.

आणि हो, ब्रीदर मी साफ केलाय. तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून दोनदा केला. जाळी काढून रॉकेलमध्ये धुतली, वाळवली, परत लावली. आता तिसऱ्यांदा विचारू नका प्लीज.

सॉरी. मी चिडले. पण चाचा, मला आता वाटतंय की तुम्ही मला सगळं सांगत नाही आहात. काल पप्पा म्हणाले, "राहू दे आता. पाडव्याला अंबडवाला येईल." मी म्हटलं, अजून चार महिने आहेत. तर म्हणाले, "जमीलचा पण हात इथंच गेला. त्या गोळ्यातच कायतरी हाय." आणि हे बोलताना ते रागात नव्हते. मला वाटलं होतं की ते टोमणा मारतात. तसं नाहीये. कोणी गेल्यावर बोलतात ना, तसं बोलतात.

काय झालं होतं? मी म्हटलं होतं की विचारणार नाही. आता विचारतेय.

तृप्ती

●

मस्कत
१५ जानेवारी २०००

तृप्तीबेटा,

रमजान होता, मग ईद. पण ते कारण नाही. तुझं खत आलं त्या दिवशीच लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले.

तुझा बाप आणि मी एका गाडीवर अकरा वर्षं. तो चालवायचा, मी बघायचो. पेठहून भात, नागली, गवत. मी मेकॅनिक, पण लांबच्या खेपेला सोबत जायचो, त्याला एकट्याला झोप यायची. त्याची झोप घालवायला मी शिव्या द्यायचो. त्याला आवडायचं.

मग शहाऐंशीच्या पावसाळ्यात ही गळती सुरू झाली. मी सील बदललं. आठ दिवसांनी परत. परत बदललं. फ्लँज बदलली. तू जे जे केलंस ते मी सगळं केलं. तिसऱ्यांदा गळलं तेव्हा पेठच्या घाटात ऑईल संपून गोळा तापला आणि भाताचा माल दोन दिवस पावसात भिजला. तो गाडी घेऊन आला आणि गॅरेजच्या सगळ्या लाइनीसमोर म्हणाला, "जमील्या, तुझा हात गेला."

बस, एवढंच. शिवी दिली असती तर मी पण दिली असती. पण तो हळू आवाजात म्हणाला. मला खरं वाटलं, हातातलं कसब गेलं.

मी इथे मोठ्या गॅरेजमध्ये आहे हे खरं. पण मी टायरवर आहे बेटा. तेरा वर्षं पंक्चर आणि हवा. फोरमन विचारतो, जमील, तुला गिअरचं काम येतं का? मी म्हणतो, नाही येत. त्या दिवसानंतर मी एक पण डिफरन्शियल खोललं नाही.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, जाळी धुतली. मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. बेटा, जाळीवाला ब्रीदर इंजिनचा. मी हाऊसिंगच्या ब्रीदरचं बोलतो आहे. त्याला जाळी नसते. मागच्या गोळ्याच्या वर, अगदी वरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी नळी असते. गाडी चालली की आतलं ऑईल तापतं, हवा फुगते, ती त्या नळीतून बाहेर जाते. नळी बंद असेल तर हवा सीलला ढकलते. मग सोन्याचं सील बसव, गळणारच. मी सांगायला पाहिजे होतं कुठला. माझी चूक.

तिथे चिखल आणि डांबर जाड बसलं असेल. दिसणार नाही. हाताने चाचपड. खरड.

जमील

●

सातपूर
६ फेब्रुवारी २०००

चाचा!!

सापडलं!

बुधवारी पत्र मिळालं, तशीच गाडीखाली घुसले, कॉलेजच्या ड्रेसमध्ये. आईने आरडाओरडा केला. गोळ्यावर दोन इंच जाड काळा थर होता, दगडासारखा. पटाशीने खरडत गेले. आधी काहीच नाही. मग एक गोल टोक लागलं. मला वाटलं नळी. पण ती लाकडाची होती. चाचा, नळीत लाकडाचं बूच आहे! अंगठ्याएवढं, मस्त तासलेलं, भोवती कापड गुंडाळून ग्रीस लावलेलं. आणि डोक्याला आडवं भोक पाडलंय.

पप्पा नुकतेच चक्कर मारून आले होते, गोळा गरम होता. मी पकडीने बूच ओढलं तर फुस्स झालं. लांबलचक. त्या चकरेचीच हवा असणार, मला कळतं तेवढं, पण मला ती तेरा वर्षांची वाटली.

सील तेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चक्कर मारली, पेपर पसरला. सकाळी मी उठायच्या आधी पप्पा उठलेले. पेपर हातात घेऊन उभे होते, उन्हात धरून बघत होते. दोन्ही बाजूंनी. कोरा! एकदम कोरा! मला म्हणाले, "काय केलंस?" मी म्हटलं, "सात दिवस होऊ देत, मग सांगते." खरं म्हणजे मला सांगायचं काय तेच कळत नाहीये. ते बूच माझ्या कंपासपेटीत आहे.

म्हणजे तुमचा हात गेला नव्हता चाचा. तुमचं प्रत्येक सील बरोबर होतं. मग हे बूच कोणी मारलं? आणि काढलं का नाही? पप्पांनी का?

लवकर लिहा. पप्पा दिवसातून तीनदा विचारतात, काय केलंस.

तृप्ती

●

मस्कत
२४ फेब्रुवारी २०००

तृप्तीबेटा,

बूच माझं आहे. बाभळीचं. मीच तासलं होतं. डोक्याचं भोक तार घालून ओढायला.

पेठच्या पुढे नदीवर फरशी पूल आहे, ठाऊक असेल. पावसात पाणी फरशीवरून जातं. गरम गाडी गार पाण्यात घातली की हाऊसिंग ब्रीदरमधून पाणी आत ओढतं. म्हणून पाण्यात जाण्याआधी मी बूच मारायचो आणि पलीकडे गेल्यावर काढायचो. आणि आमचा एक नियम होता. गाडीखाली काही पण बंद केलं किंवा खोलून ठेवलं की स्टिअरिंगला पट्टी बांधायची. खुर्शीदाच्या ओढणीची किनार होती, लाल, हिरव्या बुट्ट्यांची. पट्टी दिसली की काम राहिलंय. पट्टी नाही म्हणजे काम झालं. आणि ज्याने काम काढलं त्यानेच पट्टी सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. अकरा वर्षांत एकदा पण चूक नाही. पट्टीवर आमचा डोळ्यांपेक्षा जास्त भरोसा होता. पट्टी नसेल तर कोणी खाली वाकून बघत पण नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये पलीकडच्या पाड्यावर रॉकेलची पिंपं टाकून आलो. येताना पाणी इतकं होतं की पलीकडे थांबलो नाही, सरळ नाशिक. सातपूरला पोचलो तेव्हा दोघं पण भिजलेले, कुडकुडत होतो. मी म्हटलं, बूच काढतो. धन्या म्हणाला, "मरूदे आता. गाडी कुठं पळती का. सकाळी ये."

सकाळी मी आलो आणि पट्टी सोडली. आणि बूच काढायचं विसरलो. चूक माझी. बापाला तसंच सांग. सांग की जमील म्हणाला, तू बरोबर बोललास, हात नाही तर डोकं गेलं होतं.

सात पेपर झाले का ते कळव.

जमील

●

सातपूर
१९ मार्च २०००

जमीलचाचा,

सात पेपर झाले. सातही कोरे. पप्पांनी ते जाळले नाहीत, घड्या घालून कपाटावर ठेवलेत. गाडी राहणार.

पण मी हे पत्र रडून झाल्यावर लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

तुमचं पत्र आलं. दुपार होती, पप्पा जेवायला बसले होते. मी बूच ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी लगेच ओळखलं. घास हातातच राहिला. मग मी तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली, पहिल्यापासून. टायरचं आलं तेव्हा ते म्हणाले, "थांब." पाणी प्यायले. म्हणाले, "वाच." शेवटचं वाचलं, पट्टी सोडली आणि बूच विसरलो, तिथे त्यांनी ताटावर हात आपटला.

"खोटं हाय हे! जमील्या पट्टी सोडून बूच इसरंल? कदीच नाय! अकरा वर्सं बघितलाय मी त्याला. त्यो आदी बूच खिशात घालनार, मग पट्टीला हात लावनार. त्या सकाळी पट्टी नव्हतीच. मी उठलो तवाच गायब. मला वाटलं त्यो पहाटंच येऊन काढून गेला. त्याला वाटलं असंल मी काढलं."

मी म्हटलं, मग पट्टी सोडली कोणी?

आई पोळी लाटत होती. थांबली. म्हणाली, "कसली पट्टी? लाल? हिरव्या बुट्ट्यांची?"

मग ती अल्बम काढायला गेली आणि बघते तर फोटो नाही. तो फोटो तुमच्याकडे आहे चाचा. पहिलीतला. शाळेत दोन्ही वेण्यांना लाल रिबीन कम्पल्सरी होती, आणि फोटोच्या दिवशी माझी एक हरवली. आई म्हणाली, "मी रागावले तशी ही बाहेर पळाली आणि कुठून तरी एक चिंधी घेऊन आली. मी घाईत तीच बांधली. एका वेणीला साटीन आणि एकीला चिंधी. आम्ही दोघी किती हसायचो त्या फोटोला."

मला आठवत नाहीये. खूप प्रयत्न केला. फक्त केबिनच्या पायरीवर चढताना लोखंड गार लागायचं ते आठवतं.

आईने ट्रंक उघडली. माझी सगळी प्रगतिपुस्तकं तिने त्याच पट्टीने बांधून ठेवलीत.

मी पप्पांना म्हटलं, मला ओरडा. ते उठले. पट्टी घेऊन बाहेर गेले, केबिनमध्ये बसले. संध्याकाळपर्यंत. सिंधुबाई येऊन विचारून गेल्या, बरं नाही का ह्यांना.

आणि चाचा, मग मला कळलं. फोटो तुमच्याकडे सप्टेंबरपासून आहे. 'दोन वेण्या. रोज बघतो.' आणि पुढचीच ओळ, सगळ्यात आधी ब्रीदर साफ कर. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हो ना?

मग तुम्ही खोटं का लिहिलंत? तेरा वर्षं तुम्ही माझ्यामुळे

पुढे येत नाही लिहायला.

तृप्ती

●

मस्कत
४ एप्रिल २०००

तृप्तीबेटा,

हो. पाकीट उघडलं, फोटो निघाला, आणि डाव्या वेणीवर खुर्शीदाची किनार. मी टायरच्या ढिगावर बसलो. पोरं म्हणाली, चाचा को पानी दो.

मी विचार केला, सांगून काय करू? सहा वर्षांची पोर. शाळेत जायला रिबीन पाहिजे होती, समोर लाल दिसली, घेतली. ह्याच्यात गुन्हा कुठला? मला पाहिजे होतं ते मला त्याच दिवशी मिळालं. माझा हात गेला नव्हता. ते मला कळलं, बस. तुला कळायची गरज नव्हती. ब्रीदर साफ केला असतास तर गाडी पण राहिली असती आणि गोष्ट पण संपली असती. तू भलतीच जाळी धुवत बसलीस.

रडू नको. गेल्या आठवड्यात फोरमनला सांगितलं की मला गिअरचं काम येतं. त्याने डोळे मोठे केले. काल एका ट्रकचं पिनियन सील, आपलं तेच, बसवलं. ठस.

तू विचारलं नाहीस, पण लिहितो. डिसेंबरात माझी सुट्टी आहे, दोन महिने. दर वेळी मुंबईहून मालेगावची गाडी नाशिकवरून जाते. स्टँडवर वीस मिनिटं थांबते. मी खाली उतरत नाही. खिडकीतून सातपूरची बस दिसते, पाटी वाचतो, मग गाडी निघते.

या वेळी पण तेच होईल. तुझ्या बापाने बोलावलं तर गोष्ट वेगळी. पण त्याला बोलावता येत नाही. मी ओळखतो त्याला.

जमील

●

सातपूर
२३ एप्रिल २०००

जमील,

पोरगी म्हणली मी लिहिते तुमी सांगा. म्हटलं नाय, माझं मी लिहितो. अक्षर लागल तसं लाव.

पाडव्याला अंबडवाला आला हुता. चहा पिऊन गेला. गाडी देत नाय म्हणलो.

तुझं पत्र ऐकलं. स्टँडवर वीस मिंटं थांबतोस आनी उतरत नाय. लाज वाटत नाय का रे.

पेपर पाठवतोय सोबत. सातही. नाशिकचे हायेत, वाचायला पण व्हतील तुला. उन्हात धरून बघ. डाग सापडला तर सांग.

मी त्या दिवशी लाइनीत जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं हुतं. आता जयरामच्या दुकानात जाऊन त्याच लाइनीला सांगून आलो. चार म्हातारे राहिलेत. त्यांनी ऐकलं.

आता काम सांगतो. बूच परत ब्रीदरला मारलंय. मीच मारलं. पट्टी स्टेरिंगला बांधलीय. पोरगी लय चिडली. पप्पा आता परत गळंल म्हणली. म्हटलं गळाया गाडी चालली पायजे, गाडी हलनारच नाय. तिला रोज घाटात जायचं असतं. म्हटलं डिसेंबरपर्यंत थांब. बूच ज्याचं हाय त्यो काढंल. आपला नियम हाय.

त्या दिवशी सांजच्याला तू सोडून गेलास तशीच गाडी दारात उभी हाय.

सकाळी ये.

धनराज